पलटण, रेजिमेंट आणि सेंटर : भारतीय पायदळाची घडण नेमकी कशी समजून घ्यावी?

कऱ्हाडकाठ (धागाकर्ता)

घरातील दोन वस्तूंमुळे हा प्रश्न पडला. पहिली वस्तू म्हणजे पणजोबांचे पहिल्या महायुद्धातील पदक. त्याच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत क्रमांक, हुद्दा, नाव आणि शेवटी ‘११० मराठा’ असे ठोकलेले आहे. कड बोटाने चाचपली तर अक्षरे अजून लागतात. दुसरी वस्तू म्हणजे त्यांच्या धाकट्या मुलाचे, म्हणजे माझ्या चुलत आजोबांचे, दुसऱ्या महायुद्धानंतरचे सेवापुस्तक. त्यात पलटणीच्या रकान्यात ‘३/५ मराठा लाईट इन्फंट्री’ अशी नोंद आहे. बाप आणि मुलगा एकाच पलटणीत होते असे घरात ठामपणे सांगितले जाते, पण कागदावर तर दोन निराळे आकडे दिसतात.

भावकीतील एक मुलगा सध्या मराठा लाईट इन्फंट्रीत आहे. त्याचेही प्रशिक्षण बेळगावलाच झाले, मात्र त्याची बटालियन आणि गावातील दुसऱ्या मुलाची बटालियन कधीच एका ठिकाणी नसतात. मग रेजिमेंट म्हणजे नेमके काय, तिचे सैन्य एकत्र लढते की नाही, आणि हे आकडे कसे वाचायचे? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

जुने_कागद

घरात सांगतात ते बरोबर आहे. ११० वी मराठा आणि ३/५ मराठा या दोन पलटणी नसून एकाच पलटणीची दोन काळांतील नावे आहेत.

ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल, मद्रास आणि मुंबई या तीन इलाख्यांच्या तीन स्वतंत्र फौजा होत्या आणि प्रत्येकीची पायदळाची क्रमवारी वेगळी होती. त्यामुळे ‘तिसरी नेटिव्ह इन्फंट्री’ बंगालमध्येही होती, मद्रासमध्येही होती आणि मुंबईतही होती. १८९५ मध्ये या तीन फौजा मोडून एकच भारतीय सैन्य करण्यात आले आणि त्याचे चार विभाग पाडले गेले. पुण्याची सदर्न कमांड आपली स्थापना त्याच वर्षापासून मोजते. सैन्य एक झाले तरी नंबरांचा घोळ तसाच राहिला. तो १९०३ मध्ये तेव्हाचे सरसेनापती लॉर्ड किचनरने निस्तरला. बंगालच्या पलटणींचे आकडे आरंभी ठेवले, मद्रासच्या आकड्यांत साठ मिळवले आणि मुंबईच्या आकड्यांत शंभर. म्हणून मुंबईची तिसरी ती १०३ वी, पाचवी ती १०५ वी, दहावी ती ११० वी आणि सतरावी ती ११७ वी झाली. शंभरावरचा आकडा दिसला की ती पलटण मुंबई इलाख्याची समजावी.

१९२२ मध्ये दुसरी मोठी फेररचना झाली. १०३, १०५, ११०, ११६ आणि ११७ या पाच पलटणी एकत्र करून ‘५ वी मराठा लाईट इन्फंट्री’ ही रेजिमेंट बनवली गेली आणि त्या पलटणी अनुक्रमे तिच्या १ ल्या ते ५ व्या बटालियन झाल्या. ११४ वी मराठा ही १० वी, म्हणजे प्रशिक्षण बटालियन झाली आणि तिचे ठाणे बेळगावला पडले. ३/५ याचा अर्थ ‘५ व्या रेजिमेंटची ३ री बटालियन’. तिरक्या रेघेच्या डावीकडचा आकडा बटालियनचा आणि उजवीकडचा रेजिमेंटचा. दुसरे महायुद्ध संपता संपता बहुतेक रेजिमेंटचे आकडे गाळण्यात आले आणि नुसती नावे उरली, म्हणून आज कोणी ‘५ वी मराठा लाईट इन्फंट्री’ म्हणाले तर ती ५ वी बटालियन असते, रेजिमेंट नव्हे. जुनी आणि नवी कागदपत्रे एकत्र वाचताना इथेच गल्लत होते.

कऱ्हाडकाठ

मनःपूर्वक आभार. पण पाच जुन्या, स्वतंत्र, आपापला अभिमान बाळगणाऱ्या पलटणींना १९२२ मध्ये एकत्र आणण्याची गरज का भासली?

जुने_कागद

याचे कारण पहिले महायुद्ध, आणि त्यातही मेसोपोटेमियाची, म्हणजे आजच्या इराकमधील, मोहीम. १९१४ पूर्वी बहुतेक रेजिमेंट एकाच बटालियनच्या होत्या. रंगरूट घडवणारा छोटा डेपो ज्याचा त्याचा, राखीव शिपाई थोडे आणि बरेचसे वय झालेले. सरहद्दीवरच्या चकमकींना ही व्यवस्था पुरत असे. सहाव्या म्हणजे पूना डिव्हिजनबरोबर १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी तिग्रिस नदीच्या काठाने वर गेल्या, टेसिफॉनच्या लढाईनंतर माघारी आल्या आणि डिसेंबर १९१५ पासून कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या फौजेने शरणागती पत्करली. एवढी माणसे एकदम गेल्यावर भरपाई आणायची कुठून, हा प्रश्न सगळ्याच पलटणींपुढे उभा राहिला. त्या वेळी एका पलटणीची भर दुसऱ्या तीन-चार पलटणींतून माणसे उचलून केली जात असे. त्यांची भाषा वेगळी, जेवण वेगळे, हवालदार अनोळखी.

यावर उपाय म्हणून लढणाऱ्या अनेक बटालियन आणि त्यांना माणसे पुरवणारी एक कायमची प्रशिक्षण बटालियन असे गट बांधले गेले. आजचे रेजिमेंटल सेंटर हे त्या १० व्या बटालियनचेच पुढचे रूप आहे. तुमच्या भावकीतील मुलगा बेळगावला घडला याचे मूळ कुतच्या वेढ्यापर्यंत पोहोचते असे मी म्हणेन.

सुभेदार_निवृत्त

मी पायदळात नोकरी केली आहे, म्हणून आजच्या रचनेबद्दल लिहितो.

नागरी माणसांचा सर्वांत मोठा गैरसमज हा की रेजिमेंट लढते. रेजिमेंट लढत नाही, बटालियन लढते. शिपायाच्या तोंडी ‘पलटण’ हा शब्द बटालियनसाठीच असतो. रेजिमेंट हे तिचे माहेर: भरती, प्रशिक्षण, रिवाज, युद्धघोष, टोपीवरचे चिन्ह, निवृत्तिवेतनाची दप्तरे हे सर्व तिथले. बटालियन प्रत्यक्षात ज्या ब्रिगेडमध्ये असते तिथे तिच्या शेजारी एखादी डोग्रा किंवा मद्रास बटालियन असते आणि ब्रिगेडचे नेतृत्व तोफखान्यातून आलेला अधिकारीही करत असू शकतो. ‘कर्नल ऑफ द रेजिमेंट’ हे पद आहे, पण ते कुटुंबप्रमुखासारखे आहे. त्या अधिकाऱ्याचे मूळ काम दुसरेच असते आणि तो रेजिमेंटच्या बटालियनना युद्धाचे हुकूम देत नाही.

खालून वर जायचे तर साधारण दहा जवानांचा सेक्शन, तीन सेक्शनची प्लाटून, तीन प्लाटूनची कंपनी. प्लाटून बहुधा सुभेदार किंवा नायब सुभेदाराच्या हाती आणि कंपनी मेजरच्या हाती असते. बटालियनमध्ये अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा अशा चार रायफल कंपन्या असतात. उखळी तोफा आणि रणगाडाविरोधी शस्त्रे बाळगणारी सपोर्ट कंपनी वेगळी, आणि लंगर, गाड्या, भांडार, कार्यालय सांभाळणारी मुख्यालय कंपनी वेगळी. घातक प्लाटूनही, म्हणजे धाडसी हल्ल्यांसाठी निवडलेल्या जवानांची तुकडीही, बटालियनचीच. सगळी मिळून संख्या आठशेच्या आसपास. प्रमुख कर्नल हुद्द्याचा, ज्याला सगळे ‘सीओ साहेब’ म्हणतात. त्याच्याखाली टूआयसी (दुय्यम प्रमुख), अ‍ॅड्ज्युटंट, क्वार्टरमास्टर आणि जवानांच्या बाजूने सुभेदार मेजर. सुभेदार मेजर साहेबांचे महत्त्व कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. कोणाच्या घरी काय अडचण आहे, कोणती कंपनी नाराज आहे, दरबारात, म्हणजे सीओ साहेबांच्या जवानांबरोबरच्या सभेत, कोणता विषय निघणार आहे, हे सीओ साहेबांना त्यांच्याकडून कळते.

बटालियनच्या वर साधारण तीन बटालियनची ब्रिगेड, तीन ब्रिगेडची डिव्हिजन, मग कोअर आणि शेवटी कमांड. कमांड एकूण सात आहेत; सहा भौगोलिक आणि सातवी शिमल्याची प्रशिक्षण कमांड.

एकाच रेजिमेंटच्या दोन बटालियन सहसा एका ब्रिगेडमध्ये ठेवत नाहीत. एखाद्या मोर्चावर वाईट दिवस उजाडला तर एकाच तालुक्यातील शंभर घरांवर एकदम कुऱ्हाड पडू नये, हे मला त्याचे सर्वांत पटणारे कारण वाटते. मोठ्या गावांतून मराठा लाईट इन्फंट्रीचे दहा-पंधरा जवान असतात आणि ते दहा ठिकाणी पांगलेले असतात, हे तुम्हीही पाहिले असेल.

रेवातीर

मी मध्य प्रदेशातील सागर येथे राहतो. इथे महार रेजिमेंटचे सेंटर आहे. वरील चर्चेत फक्त जुन्या, सलग चालत आलेल्या रेजिमेंटचा विचार झाला आहे, म्हणून ज्या रेजिमेंटची वाट तुटत तुटत गेली तिच्याविषयीही लिहावेसे वाटते.

मुंबई फौजेच्या आरंभीच्या पलटणी मिश्र होत्या. त्यांत मराठे होते, महार होते, मुसलमान होते, कोकणातील बेने इस्राएलही होते. महार शिपायांची संख्या मोठी होती आणि त्यांतील अनेक जण सुभेदार पदापर्यंत पोहोचले, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ हे त्यांपैकीच. १८५७ नंतर, आणि विशेषतः सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्सच्या काळात, ‘लढाऊ जाती’ हा विचार फौजेच्या भरतीवर स्वार झाला आणि १८९० च्या दशकाच्या आरंभी महारांची भरती बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून गोपाळबाबा वलंगकर आणि पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केले. पहिल्या महायुद्धात माणसांची चणचण भासली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार ही पलटण उभारली गेली आणि युद्धाची निकड संपताच १९२१ मध्ये ती मोडली. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तीच चणचण निर्माण झाली. १९४१ च्या जुलैमध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर आले, आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. दुसरी पुढच्या वर्षी कामठीला.

१९४६ मध्ये तिला मशिनगन रेजिमेंट करण्यात आले. केंद्र आधी कामठी, मग अहमदनगरजवळचे अरणगाव असा प्रवास करून १९४८ मध्ये सागरला स्थिरावले. फाळणीनंतर पूर्व पंजाबच्या सीमेसाठी उभारलेल्या स्काउट्स दलाच्या बटालियन १९५६ मध्ये याच रेजिमेंटमध्ये विलीन झाल्या आणि महार रेजिमेंटमध्ये देशभरातील जवान येऊ लागले. १९६० च्या दशकात मशिनगनची भूमिका जाऊन ती पुन्हा सर्वसाधारण पायदळ झाली, तरी तिच्या चिन्हावर आजही एकमेकींना छेदणाऱ्या दोन व्हिकर्स मशिनगन आहेत. श्रीलंकेत १९८७ मध्ये परमवीर चक्राचे मानकरी ठरलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन हे ८ व्या महारचे आणि सैन्यप्रमुख झालेले जनरल के. सुंदरजी हेही महार रेजिमेंटचेच. हे दोघेही तमिळ होते.

मावळतीची_वाट

महार रेजिमेंटच्या जुन्या चिन्हावर कोरेगावचा स्तंभ होता असे वाचले आहे. मग १८१८ ची ती पलटण म्हणजेच आजची महार रेजिमेंट असे समजावे काय?

जुने_कागद

नाही, आणि पलटणींच्या वंशावळीत हा भेद फार महत्त्वाचा आहे. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला लढलेली पायदळाची तुकडी म्हणजे मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन. १८२४ च्या फेररचनेत बटालियन सुट्या झाल्या तेव्हा ती दुसरी मुंबई रेजिमेंट झाली. त्या लढाईची कदर म्हणून तिला ‘ग्रेनेडियर’ हा किताब मिळाला होता. १९०३ च्या शंभराच्या हिशेबाने ती १०२ वी ग्रेनेडियर्स आणि १९२२ मध्ये २/४ बॉम्बे ग्रेनेडियर्स झाली. म्हणजे दप्तरी वारसा ग्रेनेडियर्स रेजिमेंटकडे गेला, जिचे सेंटर आज जबलपूरला आहे. महार रेजिमेंट १९४१ मध्ये नव्याने उभी राहिली. तिने स्तंभ घेतला तो समाजाच्या स्मृतीतून. पुढे चिन्हावरील स्तंभाच्या जागी खंजीर आला.

फौजेची वंशावळ कागदावर सलग राहते आणि तिच्यातील माणसे बदलतात. कोरेगावला लढलेल्या बटालियनमध्ये ज्या समाजाचे शिपाई मोठ्या संख्येने होते, त्या समाजाला शतक संपायच्या आत त्याच फौजेची दारे बंद झाली आणि पलटणीचा युद्धसन्मान मात्र तिच्या निशाणावर तसाच राहिला. दप्तरी वारसा मोठा की माणसांच्या आठवणीतला, याचा निवाडा लष्करी नियमावली करू शकत नाही.

मावळतीची_वाट

उत्तर समाधानकारक आहे, पण त्यातूनच मूळ आक्षेप पुढे येतो. इंग्रजांनी जातींची प्रतवारी लावून केलेली रचना स्वतंत्र भारताने का चालू ठेवली? मराठा, जाट, राजपूत, डोग्रा अशी नावे एका प्रजासत्ताकाच्या सैन्यात असावीत हे मला खटकते.

सुभेदार_निवृत्त

खटकणे समजू शकतो, पण आतून पाहिलेले सांगतो. भाषा एक, सण एक, जेवण एक असेल तर रात्री दोन वाजता बर्फात पहारा बदलताना फार बोलावे लागत नाही. ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही गर्जना झाली की अंगावर येणारा काटा मी अनुभवला आहे. ४ फेब्रुवारीला, सिंहगड घेतल्याच्या स्मरणार्थ, आमचा रेजिमेंट दिन असतो आणि त्या दिवशीच्या बडा खान्याला सीओ साहेबांपासून रंगरुटापर्यंत सारे एका पंगतीला बसतात. कर्नाटकातील कूर्गपर्यंतचे जवान आमच्यात आहेत आणि तेही तीच गर्जना करतात.

जुने_कागद

दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, पण ‘चालू ठेवली’ हे अर्धेच खरे आहे. १९४९ मध्ये जनरल करिअप्पा यांच्या पुढाकाराने ब्रिगेड ऑफ द गार्ड्स उभी राहिली आणि तिच्यात देशाच्या कुठल्याही भागातील, कुठल्याही समाजाचा माणूस घेतला जाऊ लागला. तिच्या पहिल्या चार बटालियन नव्या नव्हत्या. पंजाब, ग्रेनेडियर्स, राजपुताना रायफल्स आणि राजपूत या रेजिमेंटमधून एकेक जुनी, मानाची बटालियन उचलून त्या बनवल्या गेल्या. आज तिचे सेंटर नागपूरजवळ कामठीला आहे. पॅराशूट रेजिमेंट आणि १९७९ मध्ये उभी राहिलेली मेकॅनाइज्ड इन्फंट्री रेजिमेंट, जिचे सेंटर अहिल्यानगरला आहे, याही सर्व समाजांच्या. अहिर रेजिमेंटसारख्या मागण्या वरचेवर होतात आणि मान्य होत नाहीत, याचे कारण एका जातीवर नवी रेजिमेंट उभी करायची नाही हे धोरण. थोडक्यात, जुने मोडले नाही आणि त्याची नवी आवृत्ती काढली नाही. माझ्या मते हा शहाणपणाचा मार्ग होता. १९४७ मध्ये फाळणीमुळे बलुच आणि फ्रंटियर फोर्स या रेजिमेंट अख्ख्या पाकिस्तानकडे गेल्या होत्या, पंजाबच्या सहापैकी एकच रेजिमेंट इकडे राहिली होती आणि दहा गुरखा रेजिमेंटपैकी चार ब्रिटनने नेल्या होत्या. त्यात काश्मीरचे युद्ध सुरू झाले. अशा वेळी उरलेले पायदळही मोडून नव्याने बांधायला घेणे परवडले नसते.

अधिकाऱ्यांच्या बाबतीत तर जातीचा आणि रेजिमेंटचा संबंध आधीच सुटत चालला होता. १९२३ मध्ये आठ पलटणी टप्प्याटप्प्याने भारतीय अधिकाऱ्यांच्या हाती देण्याची योजना आली, तिच्यात जुनी ११७ वी, म्हणजे ५ वी (रॉयल) मराठा ही बटालियनही होती. आपल्याकडचे, पुढे लेफ्टनंट जनरल झालेले, शं. पां. पां. थोरात मात्र पंजाबच्या पलटणीत वाढले आणि जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातील कांगॉ येथे त्यांनी २/२ पंजाबचे नेतृत्व केले.

कऱ्हाडकाठ

जुनी ११० वी, म्हणजे ३/५, आज कुठे आहे? मराठा लाईट इन्फंट्रीच्या यादीत ती सापडली नाही.

जुने_कागद

सापडणार नाही, कारण ती आता तिथे नाही. १७९७ मध्ये उभ्या राहिलेल्या या पलटणीचा प्रवास लिहायचा तर स्वतंत्र धागा काढावा लागेल. कुतनंतर ती पुन्हा बांधली गेली. १९४१ मध्ये इरिट्रियातील केरेनच्या डोंगरावर लढली, मग इटलीत गेली; १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या खोऱ्यात जर्मन मशिनगनच्या मोर्चावर एकट्याने चालून गेलेले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले नाईक यशवंत घाडगे हे याच ३/५ चे. महायुद्धानंतर तिला छत्रीधारी भूमिका मिळाली आणि ५० व्या पॅरा ब्रिगेडमधून ती काश्मीरला गेली; ब्रिगेडियर महंमद उस्मान यांच्या नेतृत्वाखाली मार्च १९४८ मध्ये झांगर परत घेतले गेले, त्या लढाईचा सन्मान तिच्याकडे आहे. १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली तेव्हा पंजाब, मराठा आणि कुमाऊँ या रेजिमेंटमधून एकेक बटालियन घेण्यात आली, आणि तुमची ३ री मराठा ‘२ पॅरा (मराठा)’ झाली. ११ डिसेंबर १९७१ रोजी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील टांगाईल येथे उतरलेली ती हीच. पुढे तिचे रूपांतर स्पेशल फोर्सेसमध्ये झाले. १९९६ मध्ये २१ वी मराठाही अशीच २१ पॅरा (स्पेशल फोर्सेस) झाली.

रेवातीर

यात राष्ट्रीय रायफल्स कुठे बसते? वर्तमानपत्रांत काश्मीरच्या बातम्यांत तेच नाव येते.

सुभेदार_निवृत्त

राष्ट्रीय रायफल्स १९९० मध्ये दहशतवादविरोधी कामासाठी उभी राहिली. तिच्यात थेट भरती होत नाही. प्रत्येक बटालियन पायदळाच्या एखाद्या रेजिमेंटशी जोडलेली असते. मनुष्यबळाचा मोठा हिस्सा त्या रेजिमेंटकडून आणि उरलेला तोफखाना, सिग्नल, इंजिनिअर, सर्व्हिस कोअर अशा शाखांकडून दोन-तीन वर्षांसाठी येतो. मुदत संपली की जवान आपल्या मूळ पलटणीत परततो, त्यामुळे बटालियन जागच्या जागी राहते आणि माणसे फिरत राहतात. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक हे मूळचे २१ पॅराचे. नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात त्यांना वीरमरण आले तेव्हा ते मराठा लाईट इन्फंट्रीशी जोडलेल्या ४१ राष्ट्रीय रायफल्सचे नेतृत्व करत होते. प्रादेशिक सेनेतही अशीच जोडणी असते, कोल्हापूरची १०९ वी बटालियन मराठा लाईट इन्फंट्रीची आहे. तेव्हा बातमीत राष्ट्रीय रायफल्सचा आकडा आला की त्यापुढे कंसात कोणत्या रेजिमेंटचे नाव आहे ते पाहावे. त्या बटालियनमधील बहुतेक पायदळी जवान कोणत्या सेंटरमधून घडून आले, ते तिथे कळते.